‘लो’वर दहा तास

देवळाली कॅम्पात बदली झालेल्या एका मेजरच्या बायकोनं
सामान विकायला काढलं, त्यात हे भांडं होतं.
बाहेरून पत्रा, आत चिनी मातीचा जड हंडा,
बटणावर तीनच शब्द : ऑफ, लो, हाय.
सातशे म्हणाली, साडेसहाशेला दिलं,
आणि फाटकापर्यंत येऊन पुन्हा बजावलं,
झाकण उघडायचं नाही. मध्येच अजिबात नाही.
जणू आत कुणी झोपणार होतं.

खांदा, दीड किलो, भगूर रोडवरच्या अंतोनकडून.
‘ताई, डुकराचा खांदा चिवट, मागची मांडी घ्या.’
नको, चिवटच दे.

मीठ, मिरपूड, धणे, घरचा काळा मसाला,
मूठभर गूळ, चार कांदे उभे चिरून,
आणि माझ्या लाइनवरच्या सुलक्षणानं पिंपळगावहून आणलेला
द्राक्षांचा शिरका. मागच्या साली भाव पडला
तेव्हा तिच्या सासऱ्यानं चिडून बरणीत घातलेला.
पाणी थेंबभरही नाही.
पाणी त्याचं तो सोडतो.

नऊला बटण फिरवलं, साडेनऊला कंपनीची बस.
सातपूरला रात्रपाळीत मी व्हॉल्व्ह तपासते :
हवा भरायची, पाण्यात बुडवायचा,
बुडबुडा आला की लाल खोक्यात.
त्या रात्री प्रत्येक बुडबुड्याला
मला काचेचं झाकण दिसत होतं.
आत्ता कांदे बसले असतील.
आत्ता चरबी सुटायला लागली असेल.
दोनच्या चहाला कुणीतरी म्हणालं, शरणपूरकडे लाइट गेलीय.
बाहेर सात अंश थंडी.
फोन करावा तर बाबा उचलत नाहीत,
जबड्याच्या ऑपरेशनपासून शब्द त्यांच्या तोंडातच ओले होतात.

हेच शलमोन मास्तर, दातांनी ऊस सोलायचे,
नळी फोडून आतला मगज
आम्हा दोघींना निम्मा निम्मा द्यायचे.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं नोटा मोजल्या,
अंगठ्याला अजून घट्टा आहे.
आता आठ महिने पेज, खिमट, दुधात कुस्करलेला पाव.
नाताळात सगळ्यांच्या पंगतीला बसून
फक्त रस्सा घेतला,
आणि छान झालंय, असं रुमालामागून खुणावलं.

पावणेआठला घरी पोचले.
स्वयंपाकघरात खुर्ची. खुर्चीत बाबा, मफलर, कानटोपी.
ओट्यावर भांडं, आणि भांड्याभोवती
त्यांच्याच अंगावरची घोंगडी, सुतळीनं बांधलेली.
शेजारी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, प्रेसच्या रजिस्टरसारखी
आखून काढलेली नोंद :

    १.१० लाइट गेली. घोंगडी गुंडाळली.
    १.५५ आली. घोंगडी सैल केली.
    ३.२० वास.
    ४.०५ वास जास्त.
    ५.४० दूधवाला. थोडा वेळ उभा राहिला. गेला.
    झाकण उघडलेले नाही.

खाली सही. सहीखाली तारीख.

उघडलं तर हाड नुसतं उचलून आलं,
धुतल्यासारखं स्वच्छ.
दोन काटे घेऊन मी ओढायला लागले,
पहिलाच धागा लांब सुटला, दुसरा, तिसरा,
तेवढ्यात बाबांनी माझ्या हातातून काटे काढून घेतले,
बाजूला ठेवले,
अंगठा जिभेला लावायची जुनी सवय अर्ध्यात आवरली
आणि बोटांनी सुरू केलं.
धागा, धागा, धागा.
ओठ हलत होते. मोजत होते की काय, विचारलं नाही मी.

बशीत चिमूटभर घेतलं त्यांनी. रसात बुडवलं.
गालाच्या चांगल्या बाजूनं, डोळे मिटून,
इतका वेळ
की खाली शाळेची रिक्षा दोनदा हॉर्न देऊन निघून गेली.
मग गिळलं. घशात ते उतरताना दिसलं मला.
दुसरा घास घेतला.
तिसऱ्यानंतर कॅलेंडर पुढे ओढलं,
सहीच्या वर जागा नव्हती, म्हणून समासात लिहिलं :

    ८.३५ मीठ कमी.

होतंच कमी.
मी बरणी काढायला उठले.